कोळशावर धावलेली सर्व्हिस मोटार

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळशाच्या वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेस मंजुरी दिली. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट त्याआधीच जाहीर झालेले होते. कोळसा सरळ न जाळता त्याचे ज्वलनशील वायूत रूपांतर करावे, त्या वायूपासून मिथेनॉल, खते व इंधने तयार करावीत आणि तेलाची आयात कमी करावी, असा या धोरणाचा गाभा आहे. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण परदेशातून आणतो, हे लक्षात घेतले म्हणजे या धोरणामागील निकड समजते.

या विषयावरील बातम्या वाचताना वायूकरण ही काही अगदी नवी विद्या आहे असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः हीच रासायनिक क्रिया ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याकडील तालुक्याच्या गावी, मोटार स्टँडच्या धुळीत, रोज सकाळी घडत असे. ती घडवून आणणारा माणूस रसायनशास्त्रज्ञ नव्हता. तो सर्व्हिस मोटारीवरचा क्लीनर होता. एका हाताने पंख्याचा दांडा फिरवीत आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांतील धूर पुसत तो भट्टी पेटवीत असे. भारतातील मोटारीच्या इतिहासातील हे प्रकरण पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. परंतु ऊर्जेच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते समजून घ्यावे अशा योग्यतेचे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत मोटार भारतात आली तेव्हा ती संस्थानिक, गोरे अधिकारी व मोठे व्यापारी यांच्या हौसेची वस्तू होती. पहिल्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारी जुळविण्याचे काम सुरू केले. बाहेरून आलेल्या सांगाड्यावर स्थानिक सुतार-लोहारांनी लाकडी पेटी चढवावी, वर कापडी किंवा पत्र्याचे छत घालावे, आत बाके ठोकावीत, की सर्व्हिस मोटार तयार! रेल्वेचे रूळ जिथे पोहोचले नव्हते अशा गावांना या मोटारींनी जिल्ह्याच्या ठिकाणाशी जोडले. टपाल, वर्तमानपत्रे, बाजाराला निघालेले शेतकरी, कोर्टाच्या तारखेला निघालेले पक्षकार, माहेरी निघालेल्या लेकी आणि टोपल्यांतील कोंबड्या असा सारा संसार एकाच गाडीतून प्रवास करी. बैलगाडीला जिथे एक संपूर्ण दिवस लागे ते अंतर आता दोन-तीन तासांवर आले. ‘आजच्या आज परत’ हा शब्दप्रयोग खेड्यातील माणसाच्या आयुष्यात खऱ्या अर्थाने आला तो या मोटारीमुळे.

रस्ते मात्र या वाहतुकीसाठी बांधलेले नव्हते. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्याचा विचार केला आणि पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा अशी शिफारस केली. त्यातून १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांचा अधिभार लागू झाला आणि केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. म्हणजे पेट्रोल हे केवळ मोटारीचे इंधन राहिले नाही. रस्ता, मोटार आणि खेड्याचा व्यवहार हे तिन्ही त्याच एका द्रवावर अवलंबून राहू लागले.

हा द्रव येई कोठून? आसामातील दिग्बोईला १९०१ पासून तेलशुद्धीकरण चालू होते. परंतु तेथील उत्पादन देशाच्या गरजेच्या मानाने अल्प होते. फार मोठा आधार होता तो ब्रह्मदेशाचा आणि त्याखालोखाल इराणसारख्या दूरच्या देशांचा. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक भाग असल्यामुळे तेथील तेल ‘परके’ आहे असे कोणाला वाटतही नसे. दुसरे महायुद्ध सुरू झाले, लष्कराची मागणी वाढली, तेलवाहू जहाजे दुर्मीळ झाली आणि १९४१ मध्ये भारतात पेट्रोलचे रेशनिंग आले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले. माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी सिरियमचा शुद्धीकरण कारखाना आणि येनानजाउंगची तेलक्षेत्रे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच उद्ध्वस्त केली. इरावतीच्या काठी पेटलेल्या त्या आगीची झळ दख्खनच्या पठारावरील मोटार स्टँडला लागण्यास फार वेळ लागला नाही. कुपनांवर मिळणारे पेट्रोल गाडीच्या महिनाभराच्या फेऱ्यांना पुरेना.

मालकांपुढे दोनच मार्ग होते: गाडी उभी करून ठेवणे किंवा दुसरे इंधन शोधणे. दुसरे इंधन जवळच होते आणि ते म्हणजे लाकडाचा कोळसा. आपल्याकडे ज्याला लोणारी कोळसा म्हणतात तो.

कोळशावर मोटार चालवायची म्हणजे तिचे वाफेचे इंजिन करायचे असे नव्हे. इंजिन तेच, पेट्रोलचेच. फक्त त्याला पेट्रोलच्या वाफेऐवजी ज्वलनशील वायू पुरवायचा. त्यासाठी गाडीच्या मागे किंवा बाजूला एक उभे लोखंडी पिंप बसवीत. पिंपात कोळसा भरायचा, तळाशी विस्तव करायचा आणि आत येणारी हवा मुद्दाम अपुरी ठेवायची. इथेच सारी खुबी आहे. हवेच्या वाटेजवळ कोळसा पूर्ण जळतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाते. हा तप्त कार्बन डायऑक्साइड पुढच्या लालबुंद कोळशाच्या थरातून जाताना कार्बनचा आणखी एक अणू उचलतो आणि त्याच्या एका रेणूचे कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. कोळशात किंवा हवेत असलेल्या बाष्पाचीही तप्त कार्बनशी क्रिया होते आणि कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन मिळतो. हे दोन्ही वायू जळतात. या मिश्रणाला प्रोड्यूसर गॅस म्हणतात.

या क्रियेचा ऊर्जेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक मोल, म्हणजे १२ ग्रॅम, कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. तोच कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला तर १११ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि उरलेली २८३ किलोज्यूल त्या वायूतच रासायनिक रूपाने साठलेली राहते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पोहोचते ती ही दुसरी रक्कम. म्हणजे सर्व काही आदर्श रीतीने घडले तरी कोळशातील सुमारे २८ टक्के ऊर्जा पिंपाच्या तप्त भिंतींतून आणि गरम वायूतून वाटेतच निघून जाणार. काही संयंत्रांत विस्तवावर पाण्याची बारीक धार सोडण्याची सोय असे. कारण पाण्याच्या वाफेची क्रिया ही वाया जाणारी उष्णता शोषून घेते आणि तिच्या बदल्यात हायड्रोजन देते. पाणी कमी पडले तर नफा बुडाला आणि जास्त झाले तर विस्तव थंड पडला. ही तारतम्याची रेषा ड्रायव्हर केवळ इंजिनाच्या आवाजावरून ओळखीत असे. तापमापक त्याच्याजवळ नव्हता.

आता वायू इंजिनात पोहोचला असे समजू. तरीही गाडी पूर्वीसारखी का पळत नसे? उत्तर हवेतील नायट्रोजनमध्ये आहे. आपण भट्टीला शुद्ध प्राणवायू देत नाही, हवा देतो. त्यामुळे तयार होणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक भाग निष्क्रिय नायट्रोजनचा असतो. एक घनमीटर प्रोड्यूसर गॅस जाळून सुमारे ५ मेगाज्यूल उष्णता मिळते आणि तो जाळायला साधारण तितकीच हवा लागते. म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या वायू-हवेच्या मिश्रणात दर घनमीटरला अडीच मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. पेट्रोल व हवेच्या योग्य मिश्रणात हाच आकडा साडेतीनच्या जवळ असतो. सिलिंडरचे आकारमान तेच असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला मिळणारी ऊर्जा इथेच सुमारे ३० टक्क्यांनी घटली. त्यात वायू पुरेसा थंड झालेला नसे, म्हणून विरळ असे; आणि पिंप, थंडावणी नळ्या व गाळण्या यांतून तो ओढून घेताना दाबही कमी होई. शेवटी हाती येणारी शक्ती पेट्रोलच्या मानाने कशीबशी निम्मी ते साठ टक्के.

या वायूचा एक मोठा गुण असा की तो सिलिंडरमध्ये अवेळी पेट घेत नाही. त्यामुळे अधिक दाबाच्या इंजिनात तो पेट्रोलपेक्षा चांगला वागला असता. परंतु त्यासाठी सिलिंडर हेड बदलावे लागे, आणि युद्धकाळात सुट्या भागांचीही टंचाईच होती. हा वायू सावकाश जळतो, म्हणून ठिणगी जरा आधी पाडावी लागे, एवढी दुरुस्ती मात्र हातातली होती.

ही निम्मी शक्ती घाटात काय करीत असेल? माणसांसह पाच टन वजनाची गाडी बाराला एक अशा चढावर आहे असे धरू. गुरुत्वाकर्षण आणि रस्त्याचे घर्षण मिळून तिला सुमारे ५,००० न्यूटन बल मागे ओढते. चाकांपाशी ४० किलोवॅट शक्ती पोहोचत असेल तर ती सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या जवळपास चढेल. शक्ती २० किलोवॅटवर आली की वेग ताशी १४. पण अडचण एवढीच नाही. भट्टीतील विस्तव इंजिनाच्या ओढीवर जगतो. लांब उतारावर इंजिन नुसते फिरत राहिले की हवेची ओढ कमी होते, विस्तव मंदावतो आणि वायू निकृष्ट होतो. नेमका त्याच वेळी पुढचा चढ समोर येतो. जुन्या माणसांच्या आठवणींत घाटाच्या पायथ्याशी उतारूंना खाली उतरविण्याचे प्रसंग वारंवार येतात, त्याचे कारण इथे सापडते. सरासरी ५५ किलोचे २५ उतारू उतरले तर जवळजवळ १,४०० किलो भार, म्हणजे एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक, कमी होतो. चालत चढणाऱ्या उतारूंनी इंजिनाची तूट स्वतःच्या पायांनी भरून काढली, असे म्हणण्यास हरकत नाही.

क्लीनरच्या कामाकडे आता पाहू. पहाटे आदल्या दिवसाची राख काढायची. कोळशातील माती व क्षार वितळून त्यांचे कठीण खडे होत आणि जाळीत अडकून बसत. ते सळईने फोडायचे. गाळण्यांतील काजळी झटकायची, कारण ती तशीच इंजिनात गेली तर सिलिंडर व पिस्टनच्या कड्या झिजून जात. कोळसा सारख्या आकाराचा फोडायचा. भुगा जास्त झाला तर हवेची वाट बंद, खडे मोठे झाले तर वायू कच्चा. मग विस्तव पेटवून, पंखा फिरवून, निघणारा वायू निळसर ज्योतीने जळतो की नाही हे पाहायचे. एवढे झाल्यावर थोड्याशा पेट्रोलवर इंजिन चालू करायचे आणि हळूच वायूवर वळवायचे. दिवसभरात मध्येच थांबून पुन्हा कोळसा भरणे, ढोसणे हे चालूच. ज्या प्रवासाला पेट्रोलवर दोन तास लागत, त्यासाठी आता किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नसे.

या कामात एक धोका असा होता की जो दिसत नाही आणि ज्याला वासही नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. इंजिन चालू असताना सबंध यंत्रणेतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे एखादा सांधा फुटला तरी बाहेरची हवा आत जाते, वायू बाहेर येत नाही. धोका असतो तो पेटविताना, कोळसा भरण्यासाठी झाकण उघडताना आणि इंजिन बंद केल्यावर; कारण ओढ थांबली तरी विस्तव वायू तयार करीतच राहतो आणि तो मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो. बंदिस्त शेडमध्ये गाडी लावणे म्हणजे विषारी वायूची कोठी तयार करणे होय. युद्धकाळात स्वीडनमध्ये सुमारे ७०,००० वाहने अशा वायूवर चालत आणि तेथे या विषबाधेच्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आल्या. आपल्याकडे भट्टीशेजारी झोपणाऱ्या क्लीनरची डोकेदुखी, चक्कर वा मळमळ कोणत्या नोंदवहीत लिहिली गेली असेल? बहुधा ती उन्हाच्या किंवा उपासाच्या खाती गेली.

आणखी एक खाते आहे, ते जंगलाचे. एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर, पेट्रोलच्या जागी साधारण ६ ते ७ किलो लाकडी कोळसा लागतो. मातीने लिंपलेल्या पारंपरिक भट्टीत एक किलो कोळसा मिळविण्यासाठी सुमारे ५ किलो वाळलेले लाकूड खर्ची पडते आणि लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा त्या भट्टीतच संपते. गॅलनला १० मैल धावणारी गाडी दिवसाला १०० मैल चालत असेल, तर तिला रोज ६० ते ७० किलो कोळसा, म्हणजे ३०० ते ३५० किलो लाकूड हवे. हा एका गाडीचा एका दिवसाचा हिशेब झाला. ज्या लाकडावर गावातील चुली पेटत, त्याच लाकडावर आता मोटारीचाही हक्क लागला. पेट्रोलची टंचाई अशा रीतीने नाहीशी झाली नव्हती. ती तेलाच्या विहिरीकडून झाडांकडे, चुलीकडे, क्लीनरच्या फुप्फुसांकडे आणि उतारूंच्या वेळाकडे सरकली होती.

तरीही या भट्ट्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. त्यांनी गाड्या चालू ठेवल्या. डाक पोहोचली, आजारी माणसे इस्पितळापर्यंत गेली, बाजार भरत राहिले. लोखंडी पिंप, नळ्या, काथ्याची गाळणी एवढ्या सामग्रीतून आणि बव्हंशी शाळा न शिकलेल्या हातांनी हे घडविले. युद्ध संपले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि मालकांनी ही पिंपे उतरवून ठेवली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि खासगी सर्व्हिस मोटारींचा काळ हळूहळू मावळला. त्याच वर्षी भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा झाला. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची ती तरतूद होती. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला, त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

संशोधन संस्थांनी वायूकरणाचा धागा पुढे उचलला. १९५० मध्ये धनबादजवळ केंद्रीय इंधन संशोधन संस्था सुरू झाली. पुढे १९८० च्या दशकापासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत लाकूड व शेतीतील काडीकचऱ्यापासून वायू निर्माण करणाऱ्या संयंत्रांवर दीर्घ काम झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट आणि चिपाड यांच्यासाठी अशी संयंत्रे विकसित केली. हैदराबादेत भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने भारतीय कोळशापासून दिवसाला पाव टन मिथेनॉल तयार करणारे प्रायोगिक संयंत्र चालवून दाखविले. तेथील मुख्य आव्हान कोणते होते? भारतीय दगडी कोळशातील ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत जाणारे राखेचे प्रमाण. सळईने राखेचे खडे फोडणाऱ्या क्लीनरला ही अडचण ओळखीची वाटली असती.

प्रयोगशाळेतील संयंत्र आणि मोटार स्टँडवरचे पिंप यांत अर्थातच महदंतर आहे. आज हवेऐवजी शुद्ध प्राणवायू वापरून नायट्रोजनचा अडसर दूर करता येतो, तापमान क्षणोक्षणी मोजता येते, विषारी वायूचा सुगावा लागताच घंटा वाजते. परंतु ऊष्मागतिकीचे नियम बदललेले नाहीत. शुद्ध प्राणवायू वेगळा काढायलाही वीज लागते. कोळशातील कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो, मग तो साठवून ठेवण्याचा खर्च आला. आणि राख कोठेतरी टाकावीच लागते. म्हणून ‘आयात इतक्या टक्क्यांनी घटेल’ अशी बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी एक सवय लावून घ्यावी. इंधनाच्या उगमापासून चाकापर्यंतची प्रत्येक पायरी कागदावर मांडावी, प्रत्येक ठिकाणी किती ऊर्जा गळते ते लिहावे आणि त्या पायरीवर काम करणारा माणूस कोण, तो कोणती हवा आत घेतो, हेही शेजारी लिहावे. पहिले दोन रकाने भौतिकशास्त्राने भरता येतात. तिसरा भरण्यासाठी त्या माणसाला जाऊन विचारावे लागते.

सर्व्हिस मोटारींच्या बाबतीत ते विचारण्याची वेळ जवळजवळ निघून गेली आहे. त्या गाड्यांतून प्रवास केलेली माणसे आज नव्वदीच्या घरात असतील. आपल्या घरी किंवा गावात असे कोणी असल्यास त्यांच्याशी एकदा निवांत बोलावे. भट्टी पेटायला किती वेळ लागे, कोळसा कोणत्या झाडाचा येई, घाटात नेमके कोठे उतरावे लागे, क्लीनरचे पुढे काय झाले, हे सारे लिहून ठेवावे. भारतातील वायूकरणाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण अजून लिहायचे राहिले आहे आणि त्याची साधने कोणत्याही अभिलेखागारापेक्षा या आठवणींतच अधिक शिल्लक आहेत.